शिडाला भोकं पाडणारी बाई

"धंद्याबद्दल काहीतरी लिहून द्या," असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी सरळ विचारलं, किती लांब? ते म्हणाले, "तुमच्या मनाला येईल तेवढं." असं म्हणणारं गिऱ्हाईक सगळ्यात धोक्याचं. माप न देणारा माणूस माल हातात पडल्यावरच बोलायला लागतो. असो. उसवायची वेळ आली तर त्यांची ते उसवतील.

नारायण पेठेत आमचं ताडपत्रीचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चाळीस वर्षं चालवलं, आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आता जेवणवेळेपर्यंतच बसते. आई घरी ब्लाउज शिवायची आणि वडील दुकानात ताडपत्र्या. मी दोघांच्याही हाताखाली शिकले. पण ब्लाउजाचं गिऱ्हाईक फार बोलतं. गळा असाच हवा होता, बाही तशी नको होती, मैत्रिणीची बाई बघा कशी शिवते. ताडपत्री बोलत नाही, म्हणून मी तिकडे वळले. टेम्पोची झाकणं, मोटारींची कव्हरं, मांडवाची छतं, कनाती, दुकानापुढचे पडदे, रस्त्यावर आडवे टांगायचे कापडी फलक, जे जे म्हणून उघड्यावर राहतं ते सगळं आम्ही शिवतो.

बाहेरच्या माणसाला या धंद्याचं मर्म सांगायचं तर कापडाला तीन शत्रू. ऊन, पाणी आणि वारा. उन्हाला जाड कापड लागतं, पाण्याला ताण लागतो, आणि वाऱ्याला वाट द्यावी लागते. यातलं पहिलं कुणीही सांगेल. उरलेली दोन मी अब्रू घालवून शिकले.

ताणाचं आधी सांगते. मी बावीस वर्षांची असेन. विश्रांतवाडीच्या एका मैदानावर मुंज होती आणि मांडवाचं छत मी एकटीने शिवलेलं. मधल्या जोडावर दोन बोटं कापड जास्त सुटलं होतं. म्हटलं, वर कोण बघतंय. नेमका त्या दुपारी वळीव आला. छताच्या त्या सैल जागेत पाणी साठत गेलं, साठत गेलं, आणि मुंजमुलाचे मामा पंगतीत जिलबीला हात घालत असताना ते सगळं एकदम त्यांच्या डोक्यावर रिकामं झालं. मामा ओले, जिलबी ओली, आणि यजमान माझ्या वडिलांचा शोध घेत मांडवभर हिंडतायत. वडील मला एवढंच म्हणाले, "मंदे, झोळ ठेवलास की कापडाची पखाल होते." त्या दिवसापासून माझ्या दुकानातून सैल कापड बाहेर गेलं नाही. बांधल्यावर टिचकी मारली की टण्ण वाजलं पाहिजे. झोळ हा शब्द मी शिवीसारखा वापरते.

वाऱ्याचा धडा निवडणुकीत मिळाला. एका उमेदवाराचा फलक चौकात आडवा टांगला होता. वारा सुटला, फलक फुगला, एका बाजूच्या दोऱ्या तटातट तुटल्या आणि तो खालून जाणाऱ्या स्कूटरवाल्याला गुंडाळला गेला. त्या भल्या माणसाला उमेदवाराच्या हसऱ्या तोंडाआड काही दिसेना. तो पडला, सुदैवाने फक्त खरचटलं. उमेदवारही पडले, ते मतदानात. तेव्हापासून मी फलकाला भोकं पाडायला लागले. चंद्रकोरीसारखा काप द्यायचा, वारा आला की ती पाकळी उघडते आणि वारा पलीकडे जातो. बाकीचे लोक ब्लेडने सरळ फाडून मोकळे होतात. मी प्रत्येक भोकाला आतून पट्टी लावून दुहेरी शिलाई मारते. माझा फलक तीन निवडणुका टिकतो, उमेदवार टिकत नाहीत.

एक गोष्ट मात्र आता खटकते. चाळीस वर्षांत मी माझा माल वापरात असताना जाऊन पाहिला नाही. माल गेला की गेला. तक्रार आली तर चूक कळायची, नाही आली तर बरोबर असेल असं धरायचं. ते मुंजीचं छतसुद्धा मी बांधल्यावर पाहिलं असतं तर मामा कोरडे राहिले असते.

तर असा सगळा अनुभव गाठीला बांधून मी बसले असताना, तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीला, लेले दुकानात आले.

लेले विमा कार्यालयातून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, आमच्याच पेठेत मागच्या गल्लीत राहणारे. अंगाने काटकुळे, बोलायला नेमके. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांनी काउंटरवर एक कागद ठेवला. त्यावर त्रिकोण काढलेला आणि तिन्ही बाजूंची मापं मिलिमीटरमध्ये लिहिलेली. मला माणूस तिथेच आवडला.

"शीड हवंय," लेले म्हणाले.

"कशाला?"

"होडीला. दुसरं कशाला असतं?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे एकाच माणसाला बसता येईल अशी प्लॅस्टिकची होडी आहे, कयाक म्हणतात. लांबट, अरुंद, त्यात पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. पुढच्या बाजूला एक छोटी डोलकाठी बसवता येते आणि तिला तळाशी एक आडवी दांडी असते. डोलकाठी आणि दांडी यांच्यामध्ये त्रिकोणी शीड. होडी पानशेत रस्त्यावर धरणाच्या पाण्याकाठी बबनराव म्हणून एक शेतकरी आहेत त्यांच्या गोठ्यात ठेवलेली. जुनं शीड तिथल्या उंदरांनी खाल्लं होतं.

"सकाळी पाणी शांत असतं," लेले म्हणाले. "थांबत थांबत, हळूहळू वल्हं मारत मी पलीकडच्या काठाला जातो. दुपारी डोंगराकडून वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा येतात. त्या लाटांत वल्हं मारायची माझ्या खांद्याला आता परवानगी नाही. म्हणजे परत यायचं ते वाऱ्यावरच. वारा पाठीमागून असतो. जुनं शीड लहान होतं, मला मोठं हवंय."

मी फलकाचं चांगलं कापड घेतलं, सरळ धाग्यात कापलं, कडांना पट्टी, कोपऱ्यांना पितळी रिंगा, सगळी शिलाई दुहेरी. टेबलावर ताणून पाहिलं, कुठे सुरकुती नाही. आणि मग, गिऱ्हाईक मनात भरलं होतं म्हणून, मी त्यात सहा भोकं पाडली. चंद्रकोरी, आतून पट्टी लावून. आमच्याकडून भेट.

लेले न्यायला आले तेव्हा त्यांनी एका भोकात बोट घालून पाहिलं. "हे काय?"

"ते असतं," मी म्हटलं. "कितीही वारा येऊ दे, फाटणार नाही."

त्यांनी मान डोलावली. मागाहून ते मला म्हणाले की त्यांना शंका आली होती, पण चाळीस वर्षं कापडात घालवलेल्या बाईला काय विचारायचं, काहीतरी शास्त्र असेल. मलाही वाटलं होतं की इतकी नेमकी मापं देणाऱ्या माणसाला काही चुकतंय असं वाटलं तर तो बोलेल. दोन शहाणी माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात तेव्हा असं होतं.

पंधरा दिवसांनी लेले आले ते सपत्नीक. लेलेवहिनी शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांनी बसायला दिलेली खुर्ची घेतली नाही. लेल्यांनी शीड काउंटरवर घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "मंदाताई, फलक म्हणून उत्तम आहे. यावर 'हार्दिक स्वागत' लिहून घ्या."

झालं होतं ते असं. लेले सकाळी पलीकडे गेले. दुपारी वारा आला, शीड चढवलं, आणि सहाही पाकळ्या उघडून वारा त्यांच्यातून सुखाने पुढे निघून गेला. वारा धरणाच्या भिंतीला पोचला, लेले होते तिथेच. होडी नुसती डुगडुगत होती. लाटा वाढल्या, त्यांनी वल्हं मारायचा प्रयत्न केला, खांद्यातून कळ गेली आणि वल्हं सुटता सुटता राहिलं. लेलेवहिनी काठावर दोन तास उभ्या होत्या. शेवटी बबनराव मोटारची होडी घेऊन गेले आणि लेल्यांना दोरी बांधून ओढत आणलं. गावातली पंधरा-वीस माणसं बघायला जमली होती.

"मी यांना म्हटलं आहे," लेलेवहिनी म्हणाल्या, "होडी विकायची. हिंजवडीचा एक मुलगा घ्यायला तयार आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार आहे. त्याआधी कितीही प्रयोग करा, पण त्या रविवारी पलीकडून एकट्याने, कुणी न ओढता, परत येऊन दाखवायचं. नाही जमलं तर होडी त्याची."

"वहिनी, चूक माझी आहे," मी म्हटलं. "शिक्षा यांना का?"

"कारण पाण्यात हे असतात," त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन येते म्हणून निघून गेल्या.

लेल्यांनी काउंटरवरच्या कापडाची घडी पुन्हा सारखी केली. मग म्हणाले, "ती चुकीचं बोलत नाहीये. पण ऑपरेशन झाल्यापासून घरात मी पेशंट आहे. जड उचलू नका, जिना हळू उतरा, गोळी घेतलीत का. पाण्यावर मी नुसता लेले असतो. तेवढं गेलं तर मी करू काय?"

मला त्या क्षणी इतकी शरम वाटली की काय सांगू. मी चांगुलपणाने भोकं पाडली होती आणि त्या भोकांतून या माणसाची होडी चालली होती. मी म्हटलं, "लेलेसाहेब, येत्या रविवारी मी तुमच्याबरोबर धरणावर येते. माझं काम मला पाहायचंय."

आधी भोकं बुजवली. माझीच दुहेरी शिलाई उसवताना माझी नखं दुखायला आली. इतकं पक्कं काम करण्याबद्दल स्वतःला शिव्या द्यायची ती पहिली वेळ.

रविवारी बबनरावांच्या शेताच्या बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा माझं कापड वाऱ्यात उभं असलेलं पाहिलं. काठाजवळच लेले मागे-पुढे फिरत होते. भोकं नव्हती म्हणून होडी चालत होती, पण काही खरं नव्हतं. शीड फळीसारखं ताठ होतं. वारा त्यावर आपटायचा आणि एकदा या कडेने, एकदा त्या कडेने निसटून जायचा. त्या प्रत्येक निसटण्याबरोबर होडी एकदा इकडे कलायची, एकदा तिकडे. शिवाय जोराचा वारा आला की तळाची आडवी दांडी वर उचलली जायची आणि शिडाचा वरचा भाग पिळवटून पुढे जायचा, म्हणजे तिथला वारा फुकट. टिचकी मारली असती तर माझं शीड टण्ण वाजलं असतं. दुसरं काही येत नव्हतं त्याला.

लेल्यांनी मला समजावलं. वारा बाजूने येत असेल तर सपाट शीड चालतं, चांगलं चालतं. पण वारा पाठीमागून असला तर शिडाचं काम एकच, वारा धरून ठेवायचा. त्याला पोट लागतं.

"म्हणजे झोळ?" मी विचारलं.

"म्हणजे झोळ," लेले म्हणाले.

चाळीस वर्षं ज्याला पाप म्हटलं ते आता मुद्दाम करायचं होतं. त्यातही नुसतं ढिलं कापड बांधून भागत नाही, ते मी दुसऱ्या दिवशी दुकानात करून पाहिलं. पाठीमागे मोठा उभा पंखा लावला आणि पुढे ढिलं कापड टांगलं. ते फडफडायला लागलं. पोट कधी वर, कधी खाली, कधी नाहीच. शेजारचे स्टेशनरीवाले दारात येऊन म्हणाले, "मंदाताई, धरण दुकानात आणलंत वाटतं." मी म्हटलं, पाणी तुमच्याकडून सोडा.

झोळ हवा तेवढाच आणि हवा तिथेच कसा आणायचा? दोन दिवस मी त्या त्रिकोणाकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी एक बाई कपाटाच्या पडद्याचं माप द्यायला आली, आणि तिच्या ब्लाउजाच्या फिटिंगकडे माझं लक्ष गेलं, तशी मी कपाळाला हात लावला. सपाट कापडाला गोलाई द्यायची विद्या मला आईने पंधराव्या वर्षीच शिकवली होती. टक्स घ्यायचे, म्हणजे कापड चिमटून शिवायचं. आणि जास्त गोलाई हवी असेल तर कटोरी. वेगवेगळे तुकडे कापायचे, त्यांच्या कडा किंचित कमानदार ठेवायच्या, आणि कमानीला कमान जोडली की कापड आपोआप फुगतं. ते ढिलं नसतं, त्याला आकार असतो. इतकी वर्षं ब्लाउजाला नावं ठेवली आणि शेवटी तोच उपयोगाला आला.

मी हलकं, घट्ट विणीचं नायलॉन आणलं. चार आडव्या पट्ट्या कापल्या, जोडाच्या सगळ्या कडा कमानदार. पोट डोलकाठीपासून फार लांब नको, साधारण मध्याच्या जरा अलीकडे. तळाची कड दांडीला सगळी शिवून न टाकता फक्त दोन टोकांना बांधली आणि मागच्या टोकाला परकरासारखी नाडी घातली. बाजूचा वारा असेल तर नाडी घट्ट, पोट आत. पाठीमागचा वारा आला की नाडी सैल, पोट बाहेर. आणि दांडी वर उचलली जाऊ नये म्हणून मांडवाच्या खांबाला देतो तशी एक ताणाची दोरी, दांडीपासून डोलकाठीच्या पायथ्यापर्यंत. लेल्यांनी शीड हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "हा आकार कुठे पाहिलात?"

"तुम्हाला सांगण्यासारखं नाही," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ते शीड वाऱ्यात भरलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. कापड फुगलं आणि फुगलेलंच राहिलं, कुठे फडफड नाही, आणि होडीने अशी काही ओढ घेतली की बबनराव म्हणाले, "आयला, वढतंय की." पण आनंद फार टिकला नाही. होडी जोरात निघायची आणि उजवीकडे वळायला लागायची. लेले होडीच्या मागचं, पायाने चालवायचं सुकाणू डावीकडे दाबून धरत होते, तसा वेग मरत होता, आणि सुकाणू जरा सुटलं की होडी वाऱ्याला आडवी. आडवी झाली की लाट अंगावर. दोनदा झालं आणि लेले भिजून परत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. शेवटच्या रविवारला दोन आठवडे राहिले होते.

बबनराव साठीचे, त्यांच्या निम्म्या गावाचे आता बंगले झालेले, तरी त्यांनी अजून एक बैलजोडी ठेवलेली. ते बांधावर उकिडवे बसून म्हणाले, "सायेब, एका बैलाची गाडी वळनारच की. समदं शीड एका अंगाला हाय. दुसऱ्या अंगाला बी बैल जुपा."

लेल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी लेल्यांकडे. पाठीमागून वारा असताना मोठं शीड सगळं डाव्या बाजूला बाहेर येतं. उजवीकडे काहीच नसतं. तिथे दुसरं, लहान शीड हवं होतं. ते शिवणं सोपं होतं, छत्रीचं लाल कापड दुकानात पडलेलं होतं, कटोरी आता हातात बसली होती. प्रश्न होता त्याचं बाहेरचं टोक धरून ठेवायचा. हलकी, लांब, न वाकणारी आणि टोकाला खोबण असलेली काठी हवी होती. मी बांबू पाहिले, जड. ॲल्युमिनियमचे पाइप पाहिले, वाकणारे. चार दिवसांनी लेले एक काठी घेऊन आले. उंच दोरीवर कपडे वाळत घालायची काठी, गुळगुळीत, टोकाला दोन फाट्यांची दुबेळकी.

"ही कुठून आणलीत?"

"घरून," लेले म्हणाले. "हिला अजून माहीत नाही. दोन दिवस टॉवेल खुर्चीवर वाळतायत."

शेवटच्या रविवारच्या आधी आम्हाला ते एकदाच करून पाहता आलं, तेही अर्ध्या वाऱ्यात. होडी सरळ गेली. लेल्यांनी बैठक वीतभर मागे सरकवून घेतली, नाहीतर जोर वाढला की नाक पाण्यात घुसत होतं. पुऱ्या वाऱ्यात काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी लेले सात वाजता निघाले. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर टोपी, दर दहा वल्ह्यांनी थांबत. पलीकडच्या काठाला पोचल्याचा फोन साडेनऊला आला. मग नुसतं बसणं. लेलेवहिनी छत्री उघडून बसल्या होत्या. हिंजवडीचा मुलगा बाराला टेम्पोसह हजर झाला, चांगला होता बिचारा. "काकू, नो टेन्शन, मला काही घाई नाहीये," म्हणाला. बबनरावांनी त्यांची मोटारची होडी काठाला लावून ठेवली होती, पण वहिनींनी शर्त पुन्हा सांगितली होती: तुमचं इंजिन सुरू झालं की व्यवहार पक्का.

अडीचच्या सुमाराला पाण्याचा रंग बदलला. वारा आला आणि लाटांवर पांढऱ्या कडा दिसायला लागल्या. एवढा वारा आधीच्या एकाही रविवारी नव्हता. मला वाटलं, आज नको, आज येऊ नका. आणि तेवढ्यात पलीकडच्या काठाजवळ एक पांढरा ठिपका दिसला. मग त्याच्या शेजारी लाल.

लेले येत होते. दोन्ही शिडं दोन बाजूंना पसरलेली, डावीकडे मोठं पांढरं, उजवीकडे लहान लाल, आणि मध्ये एक टोपी. होडी डुगडुगत नव्हती, वळत नव्हती. लाट मागून यायची, होडीला उचलायची आणि होडी त्या लाटेबरोबर पुढे सरकत जायची. मला रडू आलं, लपवत नाही. माझं कापड आयुष्यभर जागच्या जागी उभं राहिलेलं. ऊन अडवलं, पाऊस अडवला, वाऱ्याला वाट दिली. माणसाला कुठून कुठे घेऊन जाणारं मी पहिल्यांदाच काहीतरी शिवलं होतं.

निम्म्या पाण्यात मोठा झोत आला आणि लाल शीड मिटलं. काठीचं टोक शिडाच्या कोपऱ्यातल्या रिंगेतून निसटलं असणार. होडी लगेच उजवीकडे वळायला लागली, आडवी व्हायला लागली, आणि आमच्या डोळ्यांदेखत एक लाट लेल्यांच्या छातीवर फुटली. बबनराव उडी मारून त्यांच्या होडीत गेले आणि त्यांनी इंजिनाच्या दोरीला हात घातला.

"थांबा," लेलेवहिनी म्हणाल्या.

त्या उभ्या होत्या. छत्री खाली पडली होती. बबनराव म्हणाले, "वैनी, पान्याशी खेळ बरा न्हवं."

"त्यांच्या अंगात जाकीट आहे. दोन मिनिटं थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतला होता, पण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "त्यांना ते करता येतं. ते करतील."

लेल्यांनी आधी मोठ्या शिडाची दोरी सैल सोडली, त्यामुळे होडी संथ झाली. मग सुकाणू पायाने दाबून धरून ती पुन्हा वाऱ्याला पाठ देऊन आणली. काठी आत ओढली, डाव्या हाताने टोक रिंगेत बसवलं, आणि काठी हळूहळू बाहेर ढकलली. उजवा हात त्यांनी एकदाही खांद्याच्या वर नेला नाही. लाल कापड दोनदा फडफडलं आणि भरलं. होडीने पुन्हा ओढ घेतली. बबनरावांनी दोरी सोडून दिली आणि खाली बसले.

पुढचं सगळं फार पटकन झालं. लेले जवळ येत होते, आम्हाला त्यांचं तोंड दिसत होतं, ते हसत होते, आणि होडीचा वेग काही कमी होत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वारा कसा धरायचा यावर आम्ही दोघांनी महिनाभर डोकं चालवलं होतं, पण सोडायचा कसा यावर एक शब्द बोललो नव्हतो. "बाजूला व्हा," लेले ओरडले. हिंजवडीचा मुलगा मोबाइलवर चित्रण करत पाण्याच्या कडेला उभा होता, तो उलट्या पावलांनी पळाला. होडी दोन्ही शिडं पसरून थेट काठावर आली, चिखलात चढली, आणि तशीच घसरत टेम्पोच्या मागच्या फळीपासून चार हातांवर येऊन थांबली. लेले आत बसलेले, छातीपर्यंत ओले, हातात वल्हं आडवं धरलेलं आणि परतीच्या वाटेत ते पाण्याला एकदाही लावलेलं नाही.

बबनरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

लेलेवहिनी चिखलातून होडीपाशी गेल्या. त्यांनी नवऱ्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग त्यांची नजर उजव्या बाजूच्या काठीवर गेली आणि तिथे थांबली. "अच्छा," त्या म्हणाल्या. "इथे आहे होय."

"अगं, आणून देणार होतो," लेले म्हणाले.

हिंजवडीच्या मुलाने चपलेचा चिखल झटकत विचारलं, "काकू, मग होडीचं काय करायचं? म्हणजे, डील ऑन आहे ना?"

"थर्मासमध्ये चहा आहे, तो घ्या आणि निघा," वहिनी म्हणाल्या. "उशीर केलात तर वाटेत गर्दी लागेल."

आणि मग माझ्याकडे वळून, वर्गातल्या मुलीला गृहपाठ सांगावा तशा स्वरात म्हणाल्या, "मंदाताई, यांची होडी काठाला थांबवायला काहीतरी पुढच्या रविवारपर्यंत शिवून द्या."

मी चप्पल काढली आणि माप घ्यायला चिखलात उतरले.